चिलटाच्या मिशीतली मात्रा

सिहोऱ्याच्या बाजारात केळीच्या गाडीजवळ दोन मिनिटे उभे राहिले, की काळ्या पडलेल्या घडावर घिरट्या घालणारी बारीक चिलटे दिसतात. गाडीवाला फडक्याने ती हाकलतो, ती पुन्हा येतात. त्यांना कोणी बोलावलेले नसते, वाट दाखवलेली नसते. आंबट-गोड वासाचा एक धागा हवेत असतो आणि तो पकडून ती येतात. या धाग्याचे दुसरे टोक शोधण्यात एका गोवेकर घराण्यातल्या स्त्रीने मुंबईत आणि नंतर बंगळुरूत तीस वर्षांहून अधिक काळ घालवला. त्यांचे नाव वेरोनिका रॉड्रिग्ज. २०१० साली त्या गेल्या. माशीवर संशोधन करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांत त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात मात्र ते सापडत नाही.

आधी या चिलटाची ओळख. कारली, दोडकी, आंबे पोखरणारी, जिच्यासाठी शेतकरी बागेत सापळे लावतात ती फळमाशी वेगळी. चिलटांतली ही जात जेमतेम तीन मिलिमीटर लांब असते, डोळे विटकरी लाल. शास्त्रज्ञ तिला ड्रॉसोफिला म्हणतात. मक्याचे पीठ, साखर, यीस्ट आणि अगर शिजवून केलेल्या खिरीवर ती बाटलीत आरामात वाढते. अंड्यातून अळी, अळीचा कोष, कोषातून माशी, हा सगळा प्रवास दहाएक दिवसांत आटोपतो. म्हणजे एका वर्षात तीसहून अधिक पिढ्या. आनुवंशिकतेचा अभ्यास करणाऱ्याला याहून काय हवे?

वेरोनिका यांचा जन्म १९५३ साली केनियात झाला. आईवडील मूळचे गोव्याचे. गोव्यातल्या हजारो कुटुंबांनी तेव्हा पूर्व आफ्रिकेची वाट धरली होती. कोणी सरकारी कचेरीत कारकून, कोणी शिंपी, कोणी आचारी. नैरोबीत गोवेकरांचे क्लब होते, चर्च होते, सणासुदीला सोरपोतेलही शिजत असेल. पण ती जमीन आपली आहे की नाही, हा प्रश्न स्वातंत्र्याच्या वाऱ्यांबरोबर तिथल्या भारतीयांपुढे येऊन ठेपला. वेरोनिका यांनी युगांडातल्या कंपाला येथील मकेरेरे विद्यापीठात काही काळ शिक्षण घेतले. १९७२ साली इदी अमीन याने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितले, तोच हा काळ. पुढचे शिक्षण त्यांनी आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात घेतले. विषय सूक्ष्मजीवशास्त्र. १९७६ साली पदवी हातात आली.

त्या वयात आणि त्या पदवीवर बहुतेकांनी इंग्लंड नाहीतर अमेरिका गाठली असती. वेरोनिका यांनी मुंबई निवडली. कुलाब्याच्या टोकाला, समुद्राला लागून टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, त्या संस्थेत ओबेद सिद्दिकी काम करत होते. होमी भाभांनी त्यांना १९६२ साली तिथे आणले होते. भौतिकशास्त्रज्ञ आणि गणितज्ञांच्या त्या गढीत रेणवीय जीवशास्त्राचे छोटेसे बिऱ्हाड त्यांनी मांडले. आधी जिवाणूंवर काम केले, मग अमेरिकेत सिमोर बेन्झर यांच्याबरोबर माश्यांवर, आणि परत येऊन चव आणि वास या दोन ज्ञानेंद्रियांकडे ते वळले. सिद्दिकींचे काम वाचून वेरोनिका यांनी त्यांच्याकडे विद्यार्थिनी म्हणून येण्याचे ठरवले. जन्म आफ्रिकेत, शिक्षण युरोपात. आईबापांनी पोटासाठी सोडलेल्या देशात ही मुलगी संशोधनासाठी उलट दिशेने आली.

तेव्हाचा त्यांच्यापुढचा प्रश्न सरळ होता. माशीला गोड कसे कळते? आणि त्यात जनुकांचा हात किती? पद्धतही सरळ, पण चिकाटीची परीक्षा पाहणारी. माशांना उत्परिवर्तन घडवणारे रसायन साखरपाण्यातून पाजायचे. त्यांच्या पिल्लांत, नातवंडांत अशी माशी शोधायची की जिचे बाकी सगळे ठीक आहे, फक्त गोडाकडे ती वळत नाही. अशा प्रयोगांत एक युक्ती वापरतात. गोड खाण्यात खायचा रंग मिसळायचा. माशीने ते खाल्ले तर तिचे पोट रंगीत दिसते, नाही खाल्ले तर कोरे. मग भिंगाखाली हजारो पोटे तपासत बसायचे. रंगीत, रंगीत, रंगीत, कोरे! ते कोरे पोट म्हणजे कदाचित एक बिघडलेले जनुक.

१९७८ साली सिद्दिकी आणि वेरोनिका यांचा या विषयावरचा शोधनिबंध इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात आला. १९८१ साली वेरोनिका यांनी अशा माशीचे वर्णन प्रसिद्ध केले, जिची फक्त एका प्रकारच्या शर्करा ओळखणारी यंत्रणा बिघडली होती. म्हणजे जिभेवर गोडासाठी एकच दार नसते, वेगवेगळ्या शर्करांसाठी वेगळी दारे असतात, आणि प्रत्येक दाराची बिजागरी वेगळ्या जनुकाच्या ताब्यात असते. (माशीची जीभ म्हणजे तिची सोंड, आणि पायसुद्धा. ती अन्नावर उतरते तेव्हाच तिला चव कळलेली असते.)

वासाचे काम याहून अवघड. चवीत गोड-कडू-खारट-आंबट अशी मोजकी नावे आहेत. वास असंख्य. वेरोनिका जर्मनीत ट्युबिंगनच्या माक्स प्लांक संस्थेत गेल्या आणि तिथे एरिख बुख्नर यांच्याबरोबर त्यांनी माशीच्या मेंदूतला वासाचा नकाशा काढायला घेतला. किरणोत्सारी अणू जोडलेला, साखरेसारखा दिसणारा पदार्थ माशीला द्यायचा आणि तिला एकच वास हुंगायला लावायचा. जे मेंदूतले भाग काम करतात ते तो पदार्थ जास्त ओढून घेतात. नंतर मेंदूचे पातळ काप फिल्मवर ठेवले की काम करणारे भाग काळे उमटतात. खसखशीच्या दाण्याएवढा तो मेंदू, आणि त्याचे काप! मुंबईत परतल्यावर हे काम पुढे नेत १९८८ साली त्यांनी दाखवले, की वेगवेगळ्या वासांना मेंदूच्या प्रवेशद्वाराशी असलेले चेतातंतूंचे वेगवेगळे गुच्छ प्रतिसाद देतात. केळ्याच्या वासाला वेगळे गुच्छ, आणखी कशाला वेगळे. वास ओळखणाऱ्या ग्राहींची जनुके सापडायची होती ती उंदरात १९९१ साली आणि माशीत १९९९ साली. नकाशा आधी आला, रस्त्यांची नावे मागून.

नकाशा हाती आला की पुढचा प्रश्न आपोआप येतो. हे शहर वसवले कोणी? माशीच्या डोक्यावर दोन आखूड मिशा असतात, त्यांना शृंगिका म्हणतात. त्यांच्या फुगीर टोकावर शेकडो सूक्ष्म केस असतात आणि प्रत्येक केसाच्या पोकळीत एक ते चार चेतापेशी. केस तीन प्रकारचे. काही बुटके, बोथट टोकाचे. काही लांब, काट्यासारखे. काही खड्ड्यात रुतलेले. प्रत्येक प्रकारचे काम वेगळे आणि मिशीवरची जागाही बरीचशी ठरलेली. दर पिढीत, दर माशीत तसेच. सुरुवातीला तिथे नुसता एकसारख्या पेशींचा पातळ थर असतो. त्यातल्या कोणत्या पेशीने केस व्हायचे, कोणत्या प्रकारचा केस व्हायचे आणि कोणी नुसती कातडी होऊन राहायचे, हे कोण सांगते?

इथे वेरोनिका यांच्या कामाची दिशा बदलली. वास कसा कळतो याकडून वासाचे इंद्रिय कसे घडते याकडे त्या वळल्या. सिद्दिकींची विद्यार्थिनी म्हणून जमवलेले नाव चवीच्या कामावर होते, तिथेच राहणे सोपे होते. हा निर्णय त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात महत्त्वाचा म्हणायला हवा.

हा प्रश्न फक्त माशीच्या मिशीचा नाही. गर्भाशयातल्या बाळाचाही तोच आहे. आपले सगळे शरीर एका पेशीपासून सुरू होते. ती दुभंगते, तिच्या दोनाच्या चार, चाराच्या आठ होतात आणि दर वेळी डीएनएची संपूर्ण प्रत प्रत्येक पेशीला मिळते. डोळ्यातल्या पेशीकडेही दात घडवण्याची माहिती असते, हाडातल्या पेशीकडेही इन्सुलिन बनवण्याची. तरीही डोळ्यात दात उगवत नाही. कारण प्रत्येक पेशीत थोडीच जनुके चालू असतात, बाकीची मिटलेली. ती चालू-बंद करण्याचे काम काही खास प्रथिने करतात. डीएनएच्या लांबलचक दोरीवर ठराविक अक्षरांची जागा हुडकून ती तिथे चिकटतात आणि शेजारचे जनुक जागे करतात किंवा झोपवतात. शास्त्रीय भाषेत यांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात, आपण नियामक प्रथिने म्हणू. माणसाच्या सुमारे वीस हजार प्रथिन-जनुकांपैकी जवळपास सोळाशे जनुके अशी नियामक प्रथिने बनवतात.

ही प्रथिनेसुद्धा जनुकांपासूनच बनतात, म्हणजे त्यांनाही चालू-बंद करणारी दुसरी नियामक प्रथिने असतात. मोठ्या वाड्यात एक चावी फिरवली की एक खोली उघडते, त्या खोलीत पुढच्या चार खोल्यांच्या चाव्या टांगलेल्या असतात, असा हा कारभार. गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत यातल्या बऱ्याच चाव्या फिरून जातात. बाईला दिवस गेल्याचे कळेपर्यंत पुष्कळ दारे उघडलेली असतात.

माशीत तर हा खेळ दोनदा होतो. अंड्यात अळी घडते तेव्हा एकदा आणि कोषात माशी घडते तेव्हा पुन्हा. अळीच्या पोटात पंख, पाय, डोळे, मिशा यांच्या भावी पेशी छोट्या चकत्यांच्या रूपात गुंडाळून ठेवलेल्या असतात. कोषात त्या उलगडतात. वेरोनिका यांनी मिशीच्या चकतीवर लक्ष केंद्रित केले.

१९९७ साली त्यांच्या गटाने दाखवले, की खड्ड्यात रुतलेल्या केसांसाठी ‘एटोनल’ नावाचे नियामक प्रथिन लागते. ते नसले की ते केस उगवतच नाहीत, बाकीचे दोन प्रकार उगवतात. एटोनलचा उंदरातला भाऊबंद अॅटोह१. त्याशिवाय उंदराच्या कानात आवाज टिपणाऱ्या केसपेशी तयार होत नाहीत, हे १९९९ साली दिसून आले. कानात केसपेशी नाहीत म्हणजे ऐकू येणे नाही.

पण खरा मासला पुढच्याच वर्षीचा. माशीत ‘लोझेंज’ नावाचे एक जनुक फार पूर्वीपासून माहीत होते. ते बिघडले की माशीचा गोल डोळा पत्त्यांतल्या चौकटसारखा निमुळता होतो, म्हणून हे नाव. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात उत्पल बॅनर्जी यांच्या प्रयोगशाळेने १९९६ साली हे जनुक वेगळे काढले. ते एका नियामक प्रथिनाचे निघाले. डोळ्याचे म्हणून प्रसिद्ध असलेले हे जनुक मिशीतही काम करते असे दिसत होते, कारण लोझेंज बिघडलेल्या माश्यांच्या मिशांवर बुटक्या केसांची जागा ओकीबोकी असे. वेरोनिका यांच्या गटाने बॅनर्जी यांच्या गटाबरोबर हात मिळवला आणि कमी-जास्त बिघडलेल्या अशा अनेक प्रकारच्या लोझेंज माश्यांच्या मिशांवरचे केस मोजायला सुरुवात केली. प्रत्येक मिशीवर शेकडो केस, तीन प्रकार, आणि अशा कित्येक मिशा.

१९९८ साली प्रसिद्ध झालेले उत्तर असे होते. प्रथिन आहे की नाही, एवढ्यावर गोष्ट थांबत नव्हती. ते किती आहे यावर सगळे ठरत होते. लोझेंज भरपूर असेल तिथे बुटके केस होतात. ते कमी असले तरी लांब, काट्यासारख्या केसांचे भागते. प्रथिनाची मात्रा थोडी घटवली की आधी बुटके केस जातात, आणखी घटवली की लांब केसांनाही फटका बसतो. खड्ड्यातल्या केसांना त्याचे काही नसते, त्यांचा मालक एटोनल. उलट बाजूने लोझेंजची मात्रा वाढवली तर बुटक्या केसांची संख्या वाढते. एकच प्रथिन, पण चमचाभर घातले तर एक इंद्रिय, अर्धा चमचा घातला तर दुसरे.

आपल्याला विजेच्या बटणाची उपमा सुचते, कारण बटण चालू असते किंवा बंद. लोझेंजने दाखवले, की निदान या कामात तरी गोष्ट पंख्याच्या रेग्युलेटरसारखी आहे. वैद्याकडची मात्रा उगाळणाऱ्या जुन्या पिढीतल्या बायकांना हे सांगायला नको. सहाणेवर किती वळसे द्यायचे, हे त्या बाळाच्या वयावरून ठरवत.

आता या माशीच्या गोष्टीचा माणसाशी संबंध. लोझेंज ज्या घराण्यातले आहे, त्या घराण्याचे नाव रंट. माणसात या घराण्याची तीन जनुके आहेत. पहिल्याचे आजचे नाव रंक्स१. ते जपानी संशोधकांना १९९१ साली रक्ताच्या कर्करोगाचा माग काढताना सापडले. त्या रुग्णांच्या पेशींत आठव्या आणि एकविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांना जोडले गेले होते आणि नेमके त्या सांध्यावर हे जनुक मोडले होते. उंदरात रंक्स१ पूर्ण काढून टाकले तर पिल्लू गर्भातच, निम्म्या वाटेवर मरते, कारण त्याच्या यकृतात रक्तपेशी बनायलाच सुरुवात होत नाही. १९९६ साली हे समजले. २००० साली बॅनर्जी यांच्या गटाने माशीच्या रक्तातही लोझेंज काम करते हे दाखवले. जखम झाली की तिथे काळी खपली धरायला मदत करणाऱ्या पेशी त्यामुळे बनतात. माशीचे रक्त आणि माणसाचे रक्त, दोन्हींच्या घडणीत एकाच घराण्यातले प्रथिन! त्या दोघांचा समान पूर्वज पन्नास कोटी वर्षांपेक्षाही मागे आहे.

आणि मात्रेचे काय? रंट घराण्यातले दुसरे जनुक रंक्स२, हाडांचे. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशा त्याच्या दोन प्रती आपल्याकडे असतात. एक प्रत बिघडली तर दुसरी चांगली असूनही भागत नाही, कारण प्रथिन निम्मेच बनते. अशा माणसाच्या गळ्याखालची हाडे, म्हणजे हंसळ्या, अर्धवट राहतात किंवा नसतातच. दोन्ही खांदे पुढे आणून छातीसमोर एकमेकांना टेकवता येतात. टाळू उशिरा भरते. दुधाचे दात पडत नाहीत, कायमचे दात हिरडीतच अडकून राहतात, काही वेळा जास्तीचे दातही असतात. पुष्कळदा हा दोष दातांच्या डॉक्टरांच्याच लक्षात येतो. अशा व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. बाकी बुद्धी, आयुष्य साधारण इतरांसारखेच. म्हणून ‘जनुक आहे, मग अडचण काय’ असे कोणी विचारले तर उत्तर हेच, की जनुक आहे, मात्रा नाही. रंक्स१चेही तसेच. काही घराण्यांत त्याची एक प्रत बिघडलेली असते. त्यांच्या रक्तातल्या प्लेटलेट कमी असतात आणि पुढे रक्ताच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

मात्रा फक्त जनुक बिघडल्यानेच ढळते असेही नाही. तरुण मुलींना मुरुमांसाठी दिल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनॉइन या गोळीचे उदाहरण घ्या. ‘अ’ जीवनसत्त्वापासून शरीरात बनणारे रेटिनोइक आम्ल गर्भात अगदी मोजून-मापून लागते. ते पेशीत शिरून थेट नियामक प्रथिनांनाच चिकटते आणि कोणती जनुके जागी व्हायची ते ठरवते. गोळी त्याच कुळातली. गरोदरपणाच्या सुरुवातीला ती पोटात गेली तर बाळाचे कान, चेहरा, हृदय, मेंदू यांत व्यंग येऊ शकते. म्हणून ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायची नसते. ती चालू असताना आणि बंद केल्यावर किमान महिनाभर दिवस जाणार नाहीत याची खात्री ठेवावी लागते. मैत्रिणीला गुण आला म्हणून औषधाच्या दुकानातून आणून खाण्याची ही गोष्ट नव्हे.

वेरोनिका यांनी यातले कोणतेही औषध शोधले नाही, कोणताही रुग्ण तपासला नाही. त्यांचे काम माशीच्या मिशीवरच राहिले. टाटा संस्थेच्या जीवशास्त्र विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. सिद्दिकी यांनी बंगळुरूत राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभारल्यानंतरही मुंबईचा विभाग त्यांनी सांभाळला. पुढे त्या स्वतःही त्या केंद्रात ज्येष्ठ प्राध्यापक म्हणून गेल्या. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या विद्यार्थ्यांची, त्यांत मुलींचीही, मोठी फळी आज देशविदेशात काम करते. मिशीवरच्या केसांपाठोपाठ त्यांनी मेंदूच्या आतला भाग हाती घेतला. मिशीतून आलेला निरोप पुढे पोचवणाऱ्या आणि त्याला आवर घालणाऱ्या चेतापेशी एकाच मूळ पेशीच्या वंशातून येतात, आणि त्या वंशाची ओळख ‘एम्टी स्पिरॅकल्स’ नावाचे आणखी एक नियामक प्रथिन ठरवते, हे २००८ साली त्यांनी बाझेलच्या हाइनरिख राइखर्ट यांच्या गटाबरोबर दाखवले.

तोवर त्यांना स्तनाचा कर्करोग झालेला होता. आजारपणातही काम थांबले नाही. त्या वर्षांतल्या शोधनिबंधांच्या तारखा पाहिल्या की ते दिसते. १० नोव्हेंबर २०१० रोजी त्यांचे निधन झाले. वय सत्तावन्न.

दोन वर्षांनी, २०१२ साली, स्तनाच्या कर्करोगाच्या शेकडो गाठींचा डीएनए वाचला गेला. काही गाठींत बिघडलेल्या जनुकांच्या यादीत रंक्स१ होते. रक्ताचे म्हणून ओळखले जाणारे जनुक स्तनाच्या पेशींतही पहारा देते, हे तेव्हा पुढे आले. यावरून वेरोनिका यांच्या आजाराबद्दल काहीही अनुमान काढता येत नाही, काढूही नये. मात्र माशीच्या मिशीवरचे केस मोजताना ज्या घराण्याशी त्यांची ओळख झाली, त्याचे पाय किती ठिकाणी पोचतात हे त्यावरून कळते.

२०११ साली, त्या गेल्यानंतर, एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत त्यांचे नाव आहे. माश्यांना चार दिवस सतत एकाच वासात ठेवले, तर त्या वासाकडे त्या दुर्लक्ष करू लागतात. त्यांची मिशी शाबूत असते, बाकीचे वास त्यांना नीट कळतात. फक्त मेंदूच्या प्रवेशद्वाराशी आवर घालणाऱ्या चेतापेशी त्या एका वासापुरत्या जास्त जोमाने काम करू लागतात. वास काढून घेतला की काही दिवसांत सगळे पूर्ववत होते. केळीच्या गाडीवाल्याला दिवसभर स्वतःच्या केळ्यांचा वास येत नाही, त्यामागेही अशीच काहीशी यंत्रणा असावी. माणसाच्या मेंदूत ती नेमकी कुठे बसवलेली आहे, याचा शोध अजून चालू आहे.